गादीवरची मनी

जांभुळगडच्या सरकारांना शिकारीचा भारी नाद. दरबार भरायचा, पण गादी रिकामी. रिवाज म्हणून लोक त्या गादीलाच मुजरा करून घरी जायचे. पुढे राणीसाहेबांची लाडकी मांजर, मनी, तिथं झोपू लागली आणि मानकरी इमानेइतबारे तिला मुजरे करू लागले. विहिरीच्या तंट्यापायी खेटे घालणाऱ्या चिमाबाईनंही तिला बरेच मुजरे केले.

एकदा सरकार अवचित परतले, नेहमीसारखे रिकाम्या हातानं. गादीवर मांजराचे केस बघून कडाडले, "हिला मारायचं नाही, कोंडायचं नाही, पण ही गादीवर दिसता कामा नये! उपाय सांगा, नाहीतर एकेकाला घरी बसवतो!"

कुणी लिंबाच्या साली सुचवल्या, शास्त्रीबुवांनी ग्रहशांत सुचवली.

चिमाबाई पुढं झाली. "सरकार, मांजर रिकाम्या जागेवरच बसतं. रोज सकाळी आपणच गादीवर बसा."

"आणि आमची शिकार?"

"ती मनीवर सोपवा. तिच्या हाती निदान उंदीर तरी लागतो."

दरबारात एकदम खोकल्याची साथ आली. सरकार मुकाट्यानं गादीवर बसले आणि केस झटकत म्हणाले, "बाई, तुमची तक्रार काय होती?"