गप्प केलेला ब्रेक

गावात मोटार पोहोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रखमाजी गवळी रोज सकाळी सायकलवरून दूध घेऊन टेकडी उतरायचा. अलीकडे ब्रेक दाबला की सायकल थरथरायची आणि ब्रेकचं रबर किंचाळायचं.

"रोजची काय ही बोंब!" चाकाची रिम वैतागली.

"अगं, माझ्यात खडे रुतलेत, तुझ्यावर चिखल थापलाय," रबर म्हणालं. "आपल्याला कुणी घासूनपुसून घेईपर्यंत मी ओरडणारच."

कोनाड्यातली तेलाची कुपी हसली. "घासायचं कशाला? दाराची बिजागरी, विहिरीचा रहाट, सगळ्यांना मी चार थेंबांत गप्प केलंय."

रखमाजीलाही तेवढंच ठाऊक होतं. रबर नको नको म्हणत असताना त्याने त्यावर तेल सोडलं.

दुसऱ्या दिवशी उतारावर त्याने ब्रेक दाबला. ना आवाज, ना थरथर. "बघ, किती छान वाटतंय!" रिम म्हणाली. रबर जीव खाऊन तिला धरत होतं आणि निसटत होतं. पुढे दरीकाठचं वळण होतं.

माणसं दरीत उतरली तेव्हा दगडांवर दूध पसरलं होतं. रखमाजीला चादरीत गुंडाळल्यावर एकाने सायकल उभी केली, चाक फिरवलं आणि ब्रेक दाबून पाहिला.

"ब्रेक तर चांगला आहे," तो म्हणाला. "जरासुद्धा वाजत नाही."