कवड्यांची बाराबंदी

एका राज्यात धीरसेन नावाचा राजा होता आणि त्याची एकुलती एक कन्या होती पद्मगंधा. तिचा डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. वाटून घ्यायला दरबारात बावीस वैद्य होते ना!

एके दिवशी जटाल नावाचा मांत्रिक आला आणि राज्य मागू लागला. राजाने नकार देताच त्याने राजाचा सिंहासनावरच दगड केला. मग राजाची बाराबंदी पद्मगंधेपुढे टाकून तो म्हणाला, "दुसऱ्या कोणाचाही हात लागू न देता ही अंगात घाल आणि घट्ट बसव. परवा सूर्य माथ्यावर येईपर्यंत जमलं, तर बाप परत मिळेल. नाहीतर राज्य माझं."

बाराबंदीला बंद बारा, म्हणजे गाठी सहा. आणि हात एक!

पहिल्या दिवशी तिने दातांनी गाठी मारल्या. चौथी मारेपर्यंत पहिली सुटे. दुसऱ्या दिवशी वैद्यांनी कोपराला लेप थापला. हात काही उगवला नाही, वासाने हत्ती मात्र साखळ्या तोडून पळाले.

ती बागेत जाऊन रडू लागली. "माझ्यापायी आबा दगडच राहणार."

फांदीवर एक शिंपी पक्षी पान शिवत होता. तो म्हणाला, "का रडतेस?"

"मला एक हात कमी आहे."

"मला दोन कमी आहेत. मी पान माझ्या चोचीला जमेल तसं वळवून घेतो. तू कापड का वळवत नाहीस?"

पद्मगंधेने डोळे पुसले. खरंच की! सगळे तिच्या हाताकडे बघत बसले, बाराबंदीकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

तिने कापड गुडघ्याखाली दाबून सुई चालवली. सहा बंदांचे फासे केले, उरलेले सहा काढून तिथे कवड्या शिवल्या. डावी बाही कोपरापर्यंत आखूड केली. खांद्यावरून कापड ओढायला आंबे उतरवायच्या आकडीसारखी छोटी आकडी केली.

तिसऱ्या दिवशी भर दरबारात तिने बाराबंदी घातली, आकडीने खांदा ओढला आणि एकेक फासा कवडीत अडकवला. सूर्य माथ्यावर यायला अजून घटकाभर अवकाश होता.

"गाठ कुठे आहे?" जटाल गुरगुरला.

"घट्ट बसव म्हणालात. ओढून पाहा."

त्याने सहा वेळा ओढलं. एकही फासा सुटला नाही. शाप मात्र सुटला, आणि जटालाच्या जागी चिमूटभर राख उरली.

राजा उठला. लेकीला पोटाशी धरून तो आनंदाने रडला. पण तीन दिवस दगड होऊन त्याची बोटं पार आखडली होती. दुसऱ्या दिवशी स्वतःचेच बंद त्याला बांधता येईनात. तो हळूच म्हणाला, "बाळ, माझ्या दुसऱ्या बाराबंदीलाही कवड्या लावशील?"

ती हसत सुटली, आणि बावीसही वैद्यांना तिने कवड्या शिवायला बसवलं. ज्याचा हात तोकडा, ज्याची बोटं कमी, त्याने यावं अशी दवंडी पिटली. तेव्हापासून त्या राज्यातला शिंपी माप घेण्याआधी विचारतो, "तुम्ही हे घालणार कसं?"