तिसऱ्या ओळीतला शंख

त्या राज्यात न्याय एका शिंगाने होत असे. पिवळ्या मातीच्या त्या मुलखात, रुंद नदीच्या वरच्या अंगाला, एक एकशिंगी बोकड न्यायासनावर बसे. कोणी भांडण घेऊन आले की तो दोघांकडे नीट पाही, आणि ज्याच्यावर शिंग रोखी तो गुन्हेगार ठरे. शिंग चुकत नाही अशी त्याची ख्याती होती. न्यायासनाच्या समोर एक तांबडा पडदा होता. पडद्यामागे राज्याचा वाघ विश्रांती घेई आणि पडद्याखालून त्याच्या शेपटीचे टोक तेवढे बाहेर राही. ते टोक जिकडे वळे तिकडेच शिंगही वळे. याला कोणी लबाडी म्हणत नसे. दोन थोर मनांचे एकमत म्हणत.

अडचण आली ती परदेशी हंसांमुळे. दर शरदात ते तिथल्या तळ्यांवर उतरत आणि येताना दूरदूरची बियाणी आणत. एका वर्षी ते उतरलेच नाहीत. शेपटी उद्या कुठे वळेल ते आज कळत नाही, अशा ठिकाणी अंडी घालायची कशी, असे ओरडत ते वरच्या वर निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी फर्मान निघाले. यापुढे राज्य कायद्याचे. बोकडाच्या शिंगाला रेशमी कापड गुंडाळावे. कायदे काशाच्या रांजणावर कोरून दारात ठेवावेत, म्हणजे ज्याला वाचायचे त्याने वाचावेत. निकाल देताना कारण लिहावे. आणि न्यायासाठी अशी शुभ्र इमारत उभारावी की ती आभाळातून दिसेल.

त्या मुलखात पांढरा दगड नव्हता. पांढरे म्हणण्यासारखे होते ते नदीकाठच्या गोगलगायींच्या पाठीवर. मुंग्यांची पथके काठावर गेली आणि लोककार्यासाठी तात्पुरते म्हणून शंख उतरवून घेऊन आली. प्रत्येकीला पावती दिली. पावती तुतीच्या पानावर होती आणि तिच्यावर क्रमांक व तांबडी मोहोर होती. ‘कार्य संपताच शंख परत.’ पावतीची दप्तरात राहणारी जोडप्रत, म्हणजे स्थळप्रत, मात्र दप्तरदार कासवाच्या पाठीवर कोरण्यात आली. तुतीचे पान टिकत नाही हे सरकारला ठाऊक होते.

गोगलगायींनाही ते ठाऊक होते, पण त्या उपाशी होत्या. महिन्याभरात बहुतेकींनी आपापल्या पावत्या खाल्ल्या.

इमारत उभी राहिली. हजारो शंख ओळींवर ओळी, तोंडे बाहेर करून, चिखलात बसवलेले होते. सकाळचे ऊन पडले की भिंतीकडे डोळे ठरत नसत. वारा सुटला की प्रत्येक शंखातून एकेक स्वर निघे आणि सगळी इमारत गुणगुणू लागे. हंस परत आले, आणि उतरताना पंख मारायचे विसरले. खरे सांगायचे तर ज्यांचे शंख त्या भिंतीत होते त्याही नदीकाठच्या ओल्या दगडांखालून माना बाहेर काढून तिकडे पाहत राहत. एवढे सुंदर त्या राज्यात आजवर काही बांधले गेले नव्हते.

त्यांच्यातल्या एकीने पावती खाल्ली नव्हती. उपाशी पोटी ती त्या पानाशेजारी झोपे. शंखाशिवाय हिवाळा काढता येतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर पिवळ्या मैदानावरून कोरडा वारा सुटतो, आणि त्या वाऱ्यात उघडी गोगलगाय तासाभरात वाळते. कार्य संपून वर्ष झाले होते, आणि गेला उन्हाळा त्यांनी दगडांखालच्या ओलीत जेमतेम काढला होता. थंडी ओसरू लागली तशी तिने पान पाठीवर घेतले आणि ती राजधानीकडे निघाली. तिच्यामागे चंदेरी रेघ उमटत गेली. बाकीच्या त्या रेघेकडे पाहत राहिल्या.

पोहोचल्यावर ती आधी काशाचा रांजण चढली. तिला वाचायचे म्हणजे अक्षरावरून सरपटत जावे लागे, त्यामुळे एक कलम वाचायला तिला सकाळ लागली. ‘घेतलेली वस्तू ज्याची त्याला परत मिळेल. यात मिशा असलेला व नसलेला असा भेद नाही.’ तिने ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा गरज नव्हती, पण तिला ते फार आवडले. ती खाली उतरली तेव्हा तेवढेच एक कलम दुरूनही चमकत होते.

दारात कासव अर्ज घेत बसले होते.

“नाव?”

“गोगलगाय.”

“राहणार?”

“तेच मागायला आले आहे, दप्तरदार.”

“हा रकाना रिकामा ठेवून अर्ज घेता येत नाही, बाई.”

“मग लिहा. कचेरीची भिंत, तिसरी ओळ, दारापासून डावीकडे सातवा. कडेचा टवका उडालेला आहे.”

कासवाने मान लांब करून पाहिले. सातव्या शंखाच्या कडेचा टवका उडालेला होता.

“असे लिहिता येणार नाही. ती सरकारी इमारत आहे.”

“त्यात राहत मी होते की सरकार?”

“हळू बोला. पडदा जवळ आहे.” कासवाने बराच विचार करून रकान्यात ‘चौकशीअंती’ असे लिहिले. “अकरा दिवसांनी या.”

“अकरा दिवस मी कुठे राहू?”

“नियमात त्याबद्दल काही नाही.” कासवाने अर्ज बाजूला ठेवला. “म्हणजे मनाईही नाही.” आणि ते किंचित खाली बसले, पाठीवर चढता येईल इतके.

कासवाच्या पाठीवर दाट शेवाळ होते. नोकरीत त्याने फारशी करामत केली नव्हती. शेवाळ वाढू दिले होते एवढेच. वरचे कोणी स्थळप्रती मागत नव्हते, आणि मागू नयेत असेच वरच्यांना वाटत होते, हे त्याने वेळेवर ओळखले होते. गोगलगाय त्या ओलाव्यात राहिली आणि शेवाळ खाऊ लागली.

“गुदगुल्या होत नाहीत ना तुम्हाला?”

“मी सरकारी नोकर आहे, बाई. मला काही होत नाही.”

अकराव्या दिवशी इमारत भरून गेली. आढ्याखालच्या तुळयांवर हंस निमंत्रणावरून बसले होते. सरकारची बाजू मांडायला करकोचा होता. तो नेहमी एकाच पायावर उभा राही. दुसरा पाय गरज पडली तर हाताशी असावा म्हणून तो वर धरून ठेवी.

गोगलगायीने पान पुढे केले. वर्षभरात पानाच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. मोहोर गळून गेली होती आणि क्रमांकाच्या जागी भोक होते.

“ही पावती नाही,” करकोचा म्हणाला, “ही जाळी आहे. शिवाय हिचा शंख म्हणून आता काही उरलेले नाही. जे आहे ते न्यायालय आहे. न्यायालयातून न्यायालय काढून कोणाच्या पाठीवर ठेवायचे, हे बाईंनीच सांगावे.”

तुळयांवर कोणीतरी हसले. तेवढ्यात बाहेर कोरडा वारा सुटला. भिंत गुणगुणू लागली आणि फरशीवर गोगलगायीच्या कडा ताठ होऊ लागल्या.

बोकडाने सवयीने पडद्याकडे पाहिले. शेपटीचे टोक गोगलगायीकडे वळलेले होते. रेशमातले शिंग आपसूक खाली झुकू लागले. पण आता कारण लिहावे लागणार होते, आणि कारण शोधायला त्याने दाराकडे पाहिले तर रांजणावरचे एक कलम तिथूनही वाचता येत होते. त्याने शिंग मध्येच थांबवले. मान दुखू लागली, इतका वेळ ते तसेच राहिले.

“दप्तरदार,” तो म्हणाला, “या पावतीची स्थळप्रत आहे?”

या प्रश्नाचे उत्तर कासवाला पाठ होते. ‘शोधून कळवतो.’ चाळीस वर्षे त्याने तेच दिले होते आणि त्यावर कोणी कधी हरकत घेतली नव्हती. त्याने तोंड उघडले.

“दप्तरदार,” फरशीवरून गोगलगायीचा बारीक आवाज आला, “मला ऐकू कमी येऊ लागले आहे. काय म्हणालात?”

त्याने अजून काहीच म्हटले नव्हते.

“आहे,” कासव म्हणाले. आणि न्यायासनाकडे पाठ करून उभे राहिले.

सभा एकदम गप्प झाली. पाठीवर शेवाळाचा कणही नव्हता. तिचा क्रमांक होता, आणि त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पार कडेपर्यंत, काल कोरल्यासारखे स्वच्छ हजारो क्रमांक होते. हंसांनी माना इतक्या लांब केल्या की दोघे तुळईवरून घसरले. कासवाला आपली पाठ दिसत नव्हती. त्याला फक्त ती शांतता ऐकू येत होती.

बोकडाने वाचले. मग लिहिले. “शंख परत द्यावा.”

शेपटीचे टोक जागच्या जागी थांबले.

सुतारपक्ष्याला बोलावण्यात आले. तो भिंतीला नखांनी लटकला आणि त्याने सातव्या शंखाभोवतीचा चिखल टोकरला. इमारत पडणार असे समजून करकोच्याने दुसरा पायही खाली टेकला. इमारत पडली नाही. थोडी पिवळी धूळ पडली, आणि शंख सुटून हाती आला. गोगलगाय कशीबशी त्यात शिरली. वर्षभरात ती रोडावली होती, त्यामुळे शंख तिला सैल झाला होता. आतून एक लहानसा आवाज आला, दार आतून लावून घेतल्यासारखा.

भिंतीला भोक पडले होते. त्यातून उन्हाचा कवडसा आत आला आणि फरशीवर पडला. बोकड न्यायासनावरून उतरला. त्याने भोकाला डोळा लावला आणि तो बराच वेळ तिथून हलला नाही.

बाहेर, नदीपासून पायऱ्यांपर्यंत, पिवळे मैदान चंदेरी झाले होते. एका जुन्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी हजारो रेघा येत होत्या. कोणाकडेही पान नव्हते. वारा वाढत होता, तरी एकही रेघ मागे वळलेली नव्हती.

सुतारपक्षी अजून भिंतीला लटकलेला होता. त्याने चोच पंखाला पुसली.

“दप्तरदार,” तो म्हणाला, “पुढचा कितवा?”

पडद्याखाली शेपटी एकदा हलली. सगळे कासवाच्या मानेकडे पाहू लागले, ती आता आत जाणार म्हणून. मान आत गेली नाही. कासव पाऊलभर बाजूला सरकले, भोकातून येणारे ऊन पाठभर पडेल असे, आणि तिथेच उभे राहिले.