मातीची हाक

फार पूर्वी माळावरच्या खारी शेंगा पुरून वर खुणेचा खडा ठेवायच्या. एकदा नुकतीच विचारवंत झालेली घूस त्यांना म्हणाली, "अगं बायांनो, आठवण डोक्यात नसते, मातीत असते! खडे फेका. भूक लागली की मातीच हाक मारील."

अडाणी ठरायला नको म्हणून झिपरी खारीने सर्वांआधी खडे फेकले. मग पावसाळाभर ती जमिनीला कान लावून बसली. आतून नुसता कुरतडल्याचा आवाज यायचा. "माती आठवून बघतेय," ती भुकेल्या पिल्लांना सांगायची.

शेवटी ती घुशीकडे गेली. बिळाच्या तोंडात पोट अडकलेली घूस ढेकर देत म्हणाली, "मातीला सगळं आठवतंय गं. तुझंच मन शुद्ध नाही."

झिपरी ओशाळली. मन शुद्ध व्हावं म्हणून तिने उपास धरला. तसंही घरात खायला काही नव्हतंच.