नदीचा शालू

एका राज्यात दर पौर्णिमेला नदीला शालू नेसवत. म्हणजे काय, तर रंगाऱ्यांच्या कढयांत उरलेला सगळा रंग वाजतगाजत पाण्यात ओतायचा. पहिली घागर राजा धवलसेनाची. नदीला हा शालू आवडतो का, हे कोणी विचारले? छे!

राजाची लेक मृणाल भारी खट्याळ. दरबारी राजाला पाठ दाखवत नाहीत, मागच्या मागे पावले टाकत जातात. तीही मुद्दाम तशीच जायची नि खुदकन हसायची. एका पौर्णिमेला ती पाण्यात उतरली, राजाने घागर ओतली, आणि लेकीची मासोळी झाली.

जलदेवता वर आली. "तुझ्या रंगाने माझी लेकरे आंधळी झाली. आता तुझी लेक ओळखून हाक मार. चुकलास, तर ती माझी."

राजाने वाकून पाहिले. पाणी लालभडक! स्वतःचा हात दिसेना, तिथे लेक कुठली दिसायला? तो ढसाढसा रडला.

काठावरचा खंड्या पक्षी करवादला, "महाराज, रडणे पुरे! मलाही कधीचा मासा दिसलेला नाही. तीन कामे करा, पाणी निवळेल."

पहिले काम रंगाऱ्यांचे. त्यांनी वाळू-कोळशाचे हौद बांधले. रंगाचे पाणी त्यांतून गाळून पुन्हा कढईत जाऊ लागले. दुसरे घरोघरचे. खरकटे, निर्माल्य, उरलेले तेल नदीत न टाकता खड्ड्यात पुरायचे. राणीसाहेबांनी नाक मुरडले, पण पहिली टोपली त्यांनीच उचलली.

तिसरे काम राजाचे. पौर्णिमेला ढोल वाजले, घागर हाती आली. प्रधान कुजबुजला, "महाराज, नदी उघडी ठेवायची? लोक काय म्हणतील?"

वाडवडिलांची रीत ती! "म्हणू देत," राजा म्हणाला, आणि घागर त्याने हौदात रिकामी केली.

पुढे तो रोज काठावर बसू लागला. एके सकाळी तळाचे गोटे दिसले. मग मासोळ्यांचा घोळका आला. सगळ्या सारख्याच रुपेरी! यातली लेक कोणती? इतक्यात एक मासोळी त्याच्याकडे तोंड करून थबकली, आणि तशीच मागच्या मागे पोहत निघाली.

"मृणाल! अगं वेडे, बापाला पाठ दाखवलीस तरी चालेल!"

पाणी उसळले. चिंब भिजलेली लेक राजाच्या गळ्यात पडली. मग खंड्याने सूर मारला. लेक बाहेर आल्यावरच, बरं का!

त्या राज्यात पौर्णिमेला अजून ढोल वाजतात. राजा रिकाम्या हाताने काठावर वाकतो, तळाचे गोटे दिसले की सांगतो, "नेसली हो आमची नदी!"