नवव्या प्रकरणातला मुलगा

“…आणि मग पाणी कुठे पितेस?”

हेमांगीला प्रश्न कळला नाही. म्हणजे कळला, म्हणूनच तिने नजर चुकवली.

जानकीताईंच्या हातात तिची कादंबरी होती, नवव्या प्रकरणापाशी उघडलेली. समासात हेमांगीनेच केलेल्या पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. इथे थांबायचं. इथे आवाज खाली. इथे नुसतं समोर बघायचं. आणि एका ओळीशेजारी इवलासा पेला काढलेला.

“तिथेच,” हेमांगी म्हणाली. “पेल्यापाशी.”

“हं.”

जानकीताई कीर्तनकार. चाळीस वर्षं गावोगाव उभ्या राहिल्या. मग गुडघे गेले, पाठोपाठ आवाज गेला, आणि आता कुरुंदवाडच्या घाटावर देवळामागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या असतात. हेमांगी शाळेत असताना चार उन्हाळे त्यांच्याकडे कीर्तन शिकायला यायची. कीर्तन काही टिकलं नाही. कुठे थांबायचं, तेवढं टिकलं.

“आज कितवी वेळ?”

“बारावी.”

“बाराही वेळा हेच?”

“प्रकाशक म्हणतात, हेच वाचा. लोक रडतात, आणि उठले की सरळ पुस्तकांच्या टेबलाशी येतात.”

बोलताना आपल्या आवाजात थोडी ऐट आली, हे तिला ऐकू आलं. तिने ती गिळली. पुरती गिळली गेली नाही.

सहा वाजता गावच्या वाचनालयात तिचा कार्यक्रम होता. ‘नवोदित कादंबरीकार आपल्या भेटीला’. फलकावरचा फोटो लग्नाआधीचा होता. त्यातली बाई झोप पूर्ण झालेली दिसत होती. खऱ्या बाईच्या पिशवीत पाच प्रती, दोन डायपर, एक चालणारं पेन, एक न चालणारं पेन आणि बिस्किटांचा चुरा होता. गेल्या तीन महिन्यांत तिला अकरा शाली मिळाल्या होत्या. त्यांतल्या सात एकाच रंगाच्या. घरी तिच्या लेकीची, रेवाची, बाहुली रोज वेगळी शाल पांघरून झोपायची.

प्रत्येक गावात कुणीतरी बाई तिचा हात धरून आपलं गेलेलं मूल सांगायची. आणि प्रत्येक गावात मागच्या रांगेतून कुणीतरी गृहस्थ विचारायचे, “हे खरं घडलंय का हो?” त्यासाठीही तिने एक हसू बसवून ठेवलं होतं.

खरं घडलं होतं. पाच वर्षांपूर्वी. पहिला मुलगा, सातव्या महिन्यातच जन्मलेला. नऊ दिवस काचेच्या पेटीत होता.

“ताई, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“पहिल्या दोन वेळा वाचताना मला खरंच रडू आलं. आता येत नाही. मी नुसती लक्ष ठेवून असते. तिसऱ्या रांगेत रुमाल निघाला, की पुढचं वाक्य घेते.” ती थांबली. “तुम्ही त्या राणीचं आख्यान लावायचात ना, मूल गमावलेल्या? अख्खं देऊळ हमसून हमसून रडायचं. तुम्हाला यायचं का हो रडू?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

हेमांगीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे हे असंच असतं. म्हणजे यालाच कला म्हणत असावेत…

“मला कशाला येईल?” जानकीताई म्हणाल्या. “मूल माझं नव्हतं.”

…

उंबऱ्यापाशी अडीच वर्षांची रेवा ताईंच्या जुन्या चिपळ्या वाजवत बसली होती. शेजारी पाण्याचा रिकामा पेला. तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

“वाच,” ताई म्हणाल्या. “मलाही ऐकू दे.”

हेमांगीने पुस्तक घेतलं. घसा साफ केला. आणि काय सांगावं, इतकं चांगलं तिने आजवर कुठेच वाचलं नव्हतं. पेटीला दोन गोल भोकं होती ते वाचलं. आपण त्यातून एकच बोट आत घातलं ते वाचलं. कैवल्यने ते बोट मुठीत धरलं ते वाचलं. मग आवाज खाली आला, आणि ती थांबली.



मग उंबऱ्याकडून घुटका घेतल्याचा आवाज आला.

रेवाने चिपळ्या खाली ठेवल्या होत्या. रिकामा पेला ओठांना लावून ती नसलेलं पाणी प्यायली. एक हात छातीवर ठेवला. समोरच्या भिंतीकडे टक लावून पाहिलं. आणि दाटलेल्या आवाजात म्हणाली,

“आनि मग… बोत शुतलं.”

पुस्तकातलं पुढचं वाक्य तेच होतं.

हेमांगी हसली. सवयीने. घरी यावर सगळे हसायचे. नवऱ्याने त्याचा व्हिडिओही काढला होता, आणि तो पाठवा म्हणून प्रकाशक दोनदा मागे लागले होते.

जानकीताई हसल्या नाहीत. हेमांगीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, मग तिनेच ते पुसलं.

“नाव काय त्याचं?” ताईंनी विचारलं.

“कैवल्य.”

“ठेवलं कुणी?”

“मीच. म्हणजे… पुस्तकासाठी. बारसं कुठे झालं होतं, ताई? बाराव्या दिवसापर्यंत राहिलाच नाही. हातातल्या पट्टीवर नुसतं ‘बेबी ऑफ हेमांगी’ लिहिलेलं.”

“कानात कुणी सांगितलं नाही त्याच्या?”

“नाही.”

“मग नऊ दिवस काय म्हणत होतीस?”

“म्हणायचे ना! एक काहीतरी वेडंच नाव होतं. सिस्टर हसायच्या. म्हणायच्या, अहो बाई, असं काय नाव… थांबा हं, सांगते. ते…”

ती थांबली. या ठिकाणी पेन्सिलीची खूण नव्हती.

“ते…”

कैवल्य, असं आतून आलं. ते बाजूला सारलं, तर त्याच्या मागेही कैवल्यच होतं.

पेटीच्या त्या खोलीत फक्त आईलाच सोडत, दिवसातून दोनदा, दहा मिनिटं. तो शब्द तिने नवऱ्यालाही कधी सांगितला नव्हता, हसतील म्हणून. पहिल्या खर्ड्यात मात्र लिहिला होता. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी तिला तो फार बाळबोध वाटला. वाचक काय म्हणतील? मग तिने तो जिथे जिथे होता तिथून काढला आणि तिथे तिथे कैवल्य घातला. त्याच फाईलवर, जुनी प्रत न ठेवता. एका दुपारी, रेवा झोपली होती तेवढ्यात. काम चोख झालं, म्हणून वर चहा करून प्यायली होती.

“ताई, आठवत नाहीये.”

हेमांगीने पुस्तकाचं पान उलटलं.

“सिस्टरचं हसणं आठवतंय. त्याची मूठ आठवतेय…”

पण मूठ आठवली तीही वाक्यासकट. स्वल्पविरामासकट.

बाहेर गाडी येऊन थांबली. वाचनालयाचे चिटणीस दारातूनच म्हणाले, “मॅडम, यायचं ना? सभागृह भरलंय हो! बायका तर तासभर आधीपासून बसल्यात.”

“आले, दोनच मिनिटं,” हेमांगी म्हणाली. आवाज अगदी व्यवस्थित निघाला. याचीच तिला भीती वाटली.

चिटणीस गाडीकडे गेले. तिने पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं.

“ताई… वाचू ना आज?”

“मला काय विचारतेस? ज्याचं आहे त्याला विचार.”

…

हेमांगीने तोंड उघडलं.

“कै…”

मिटलं.

पुन्हा उघडलं. ओठ कशाचा तरी आकार धरू पाहत होते, धरत नव्हते. घाटाकडून धुणं आपटल्याचा आवाज येत होता. गाडीचा हॉर्न वाजला, हलकाच, अदबीने.

रेवा चिपळ्या घेऊन उठली आणि आईची ओढणी ओढू लागली. “आई, गादी! आई, चल ना! आई!”

जानकीताईंनी तिला जवळ ओढून मांडीवर घेतलं. वाजू नयेत म्हणून चिपळ्या तिच्या हातातून काढून घेतल्या. आणि तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

“शू… थांब गं. आई हाक मारतेय.”