काळी खपली आणि वळशाची वाट

पाऊस वर्षातून जेमतेम दोनदा डोकावून जाई, अशा एका वाळवंटाच्या कडेला एक विधवा मेंढपाळीण राहत होती. तिची बावीस मेंढरं, शेजारी राहणाऱ्या तिच्या दिराची चाळीस. दोघांची विहीर मात्र एकच, समोरच्या टेकाडाखाली.

घर आणि विहीर यांच्यामध्ये सपाट मैदान होतं. करपलेल्या भाकरीसारखी काळी, खरखरीत खपली त्याच्यावर धरलेली. तिच्यावर पाय ठेवायचा नाही, गोट्यांच्या कोरड्या ओढ्यातून वळसा घालून जायचं, अशी जुनी रीत होती. सरळ गेलं तर घटकाभराची वाट. वळशात अर्धा दिवस मोडे.

एका कडक उन्हाळ्यात दिराचा धीर सुटला. "वहिनी, मेंढरं वाटेतच जीभ काढतात. मी आता मधूनच नेणार."

"भाऊजी, ही खपली जिवंत आहे." तिने मशकीतलं ओंजळभर पाणी खाली ओतलं. बघता बघता काळ्याचं हिरवं झालं. "हीच वाळू धरून ठेवते. गवताचं बी हिच्याच भेगांत रुजतं. आणि ती पाहा, सासूबाईंच्या वरातीतल्या उंटांची पावलं. चाळीस वर्षांत भरली नाहीत."

"बसा उंटांची पावलं मोजत," दीर हसला. "तुम्ही पोचाल तोवर माझी एक झोप होईल."

झालंही तसंच. ती पोचे तेव्हा विहिरीवर गढूळ पाणी उरलेलं असे आणि दीर सावलीत घोरत असे. एके दिवशी ओढ्यातच तिची एक मेंढी कोसळली, ती उठलीच नाही. मेंढपाळणीने मैदानाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या मेंढीचं कोकरू पदरात बांधलं आणि उरलेला कळप वळशानेच पुढे नेला.

महिन्याभराने वारा सुटला. तो दरवर्षी सुटे. पण यंदा तुडवलेल्या पट्ट्यातून वाळू उठली आणि तीन दिवस टेकाडाखाली साचत राहिली. चौथ्या दिवशी विहीर दिसेनाशी झाली.

दीर वाळूत गुडघे टेकून बसला. "वहिनी, मी सगळ्यांना मारलं."

"आपण अजून जिवंत आहोत. घमेलं घ्या."

रांजणातलं पाणी मेंढरांना घोटघोट पाजत दोघांनी पाच दिवस वाळू उपसली. सहाव्या दिवशी तळाशी ओल लागली. सातव्या दिवशी तिने दिराला मैदानावर नेलं. तुडवलेल्या पट्ट्याच्या कडेने दोघं दगड रचू लागली.

"खपली परत कधी धरेल?"

"आपण असू की नाही, सांगता येत नाही."

"मग हे दगड कशाला?"

"ही रीत ज्यांनी घातली, त्यांनी तरी आपल्याला कुठे पाहिलं होतं?"

त्यानंतर दीर कधी मधून गेला नाही. दरवर्षी उन्हाळा लागला की तो दगडांपाशी थांबून पट्ट्याच्या कडेला ओंजळभर पाणी ओती. वाळू ते पिऊन टाकी आणि कोरडीच्या कोरडी राही. वहिनी गेली. त्याचे केस पांढरे झाले. ओंजळ चुकली नाही.

एका वर्षी पाणी मुरलं आणि तिथे नखाएवढं हिरवं उमटलं. म्हातारा खाली बसून ते पाहत राहिला. मग काठी टेकत उठला आणि कळप ओढ्याकडे वळवला.

तात्पर्य काय, तर जे एका पावलात मोडतं ते पुन्हा धरायला पिढ्या लागतात. म्हणून वळसा लांबचा असला तरी पाय जपून टाकावा.